तुझ्या सहीची जागा

अण्णा, मी तुझ्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण तू आयुष्यात कधी मला विचारून काही केलं नाहीस, तर मी तरी तुला विचारून का चिडू? आज सतरा दिवस झाले. सकाळी फिरायला निघायचं म्हणून तू खुर्चीत बसून बूट घालत होतास. डाव्या बुटाची नाडी बांधून झाली आणि उजव्याची राहिली. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला म्हणून मी चिकपेटेतलं दुकान तसंच उघडं टाकून राजाजीनगरला धावले, तर तू तसाच खुर्चीत, मान जरा पुढे झुकलेली. जो तो म्हणत होता, काय भाग्याचं मरण, स्वतःला त्रास नाही, कुणाला त्रास नाही. मला झाला ना त्रास. आपलं एक भांडण अर्धवट होतं आणि तू ते माझ्या गळ्यात टाकून निघून गेलास.

काल आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तुझी जन्मतारीख, शाळेतली नोकरी, इतिहासाचे मास्तर म्हणून मिळालेली शाल, बावीस वर्षांचं अध्यक्षपद, सगळं फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ते मी इथे परत लिहीत बसणार नाही. तुला ते पाठ आहे, तू ते भाषणात अनेकदा सांगितलं आहेस.

मला आठवतं ते वेगळंच. चामराजपेटेतल्या आपल्या दोन खोल्या, बाबांचं शिवणाचं मशीन, आणि मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून मला रोमन लोकांच्या गोष्टी सांगणारा तू. शाळेच्या वाचनालयातून आणलेलं ते जाडजूड पुस्तक कन्नडमधलं होतं. वाचायचास कन्नड आणि सांगायचास आपल्या मराठीत, मधेच अडलास की हाताने लढाई करून दाखवायचास. ती नावं मला तेव्हाही लक्षात राहिली नाहीत आणि आजही नाहीत. तू चिडायचास. म्हणायचास, शाले, नाव विसरलीस तरी चालेल, गोष्ट विसरू नकोस. मी नाही विसरले. विसरलास तू.

सगळ्यात आवडती गोष्ट आपली दोघांची एकच होती. लढाई जिंकून आलेला सेनापती चार घोड्यांच्या रथातून रोममध्ये मिरवतो, लोक जयजयकार करतात, आणि त्याच रथात त्याच्या मागे एक गुलाम उभा असतो. त्या गुलामाचं काम एवढंच की सेनापतीच्या कानात सांगत राहायचं, तू माणूस आहेस, देव नाहीस. तू दहावीत असताना वादविवादात कप जिंकलास. कप सायकलच्या हँडलला बांधला, मी मागे कॅरियरवर. मार्केटजवळ आल्यावर तू वळून म्हणालास, "आता तू म्हणायचं." मला हळू बोलता कुठे यायचं! मी एवढ्या जोरात ओरडले, "अण्णा, तू माणूस आहेस!" की रस्त्यावरच्या फुलवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकीने विचारलं, म्हणजे आधी काय होता ग? तेव्हापासून ते माझं कामच झालं. तुला नोकरी लागली, मी म्हणाले. तुझं लग्न झालं, मांडवात वहिनींच्या देखत म्हणाले. तू मंडळाचा अध्यक्ष झालास तेव्हाही हार घातल्यावर तू मुद्दाम कान माझ्याकडे केलास.

आणि हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील की शालू कृतघ्न आहे. सातवीनंतर बाबांनी माझी शाळा सोडवली, काजं-बटणं करायला बसवलं, तेव्हा तू दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी बाबांनीच माझं दप्तर खुंटीवरून काढून दिलं. नवरा गेला आणि मी बत्तिसाव्या वर्षी एकटी पडले, माझा नागेश अकरा वर्षांचा, तेव्हा तू चिकपेटेत गल्ल्या पालथ्या घालून माझ्यासाठी ती फॉल-पिकोची जागा शोधलीस. दर शनिवारी यायचास, स्टुलावर बसायचास, आणि मी साडीला फॉल लावत असताना माझ्या लेकापुढे तीच ती गोष्टींची पुरचुंडी सोडायचास. वहिनी गेल्या, तुला मूलबाळ नव्हतं. नागेशच तुझं सगळं होता. त्याला तू वाढवलंस, हे मी कुणापुढेही कबूल करते. म्हणूनच तर एवढी चिडले आहे.

त्याच स्टुलावरून तू त्याला सांगितलं होतंस की रोम मोठं झालं ते नुसत्या तलवारीने नाही. इतर शहरं हरलेल्यांना गुलाम करायची. रोमही करायचंच, पण पुष्कळांना आपलंही म्हणायचं, हक्क द्यायचं. म्हणून मग जेव्हा तो शत्रू हत्ती घेऊन डोंगर उतरून आला, एकामागून एक लढाया जिंकला, आणि वाट बघत बसला की आता सगळी गावं रोमला सोडून आपल्याकडे येतील, तेव्हा बहुतेक गावं हललीच नाहीत. नागेशने डोळे मोठे करून विचारलं, का नाही हलली मामा? तू म्हणालास, "कारण ती परकी राहिली नव्हती." मी मशीन थांबवून ऐकत होते, म्हणून मला शब्द न शब्द आठवतो.

मग सांग, काव्या परकी कशी?

काव्या माझी सून. कन्नड घरातली. लग्नानंतर सहा महिन्यांत मराठी बोलायला लागली, आपल्यापेक्षा शुद्ध नसेल, पण आपलं तरी कुठे शुद्ध आहे! दर रविवारी हॉलमध्ये पोरांना जमवून त्यांच्याकडून मराठी बाराखडी कोण गिरवून घ्यायचं? काव्या. कारण आपल्या घरांतल्या आयांना स्वतःलाच धड लिहिता येत नव्हतं. गणपतीत दीडशे पानांचा स्वयंपाक कुणाच्या अंगावर? तिच्याच. पण मंडळाच्या नियमात मत देण्याचा हक्क मराठी घरात जन्मलेल्यालाच. आपले पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर या कन्नड मुलखात आले, पिढ्यान्‌पिढ्या या गावचं मीठ खाल्लं, अण्णा-अक्का म्हणायला शिकलो, आणि तो हॉल तेवढा आपण किल्ल्यासारखा सांभाळत बसलो.

तीन वर्षांपूर्वीच्या सभेत नागेशने आणि आणखी सहा जणांनी लेखी अर्ज दिला. घरात आलेल्या सुनांना आणि जावयांना मत द्या, आणि नोटीस मराठीबरोबर कन्नडमध्येही काढा, एवढंच. अर्ज देण्याआधी त्यांनी तुला विचारलं नाही, ही त्यांची चूक. ती मी तेव्हाही मान्य केली होती. तू म्हणालास, हे बंड आहे. नागेश उभा राहिला आणि अगदी आदराने बोलला, "मामा, हे तुम्हीच मला शिकवलंय. आपल्यात आलेल्यांना आपलं म्हटलं म्हणून रोम टिकलं. मग आपण का भितो?" आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मग दोघं-चौघं हसले. अण्णा, त्या हसण्याने तुझा घात केला. तुझे कान लाल झालेले मी मागून बघत होते. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये तुला कुणी हसलं नव्हतं.

मतं पडली, सात एका बाजूला आणि साठेक दुसऱ्या. तू जिंकलास. तिथे संपवायचं होतंस. गोपाळराव, आपले म्हातारे चिटणीस, म्हणालेही, "सोडून द्या अण्णा, आपलीच पोरं आहेत की. कॉफी पिऊ या." तिकडून दुसरं कुणी ओरडलं, "नावं काढून टाका सातांची!" तू दोन्ही ऐकलं नाहीस. हात वर करून म्हणालास, "माफी लिहून द्यायची. सभेच्या वहीत. सगळ्यांसमोर."

त्या वहीत सही कुठे करतात ते तुला माहीत होतं. चिकपेटेतल्या कुठल्याशा जुन्या पेढीवरून आणलेलं ते बैठं डेस्क, गुडघ्याएवढं. त्याच्यावर सही करायची तर एकतर जमिनीवर बसावं लागतं नाहीतर कमरेत वाकावं लागतं. तू बसायला सतरंजी घालू दिली नाहीस. एकेकाचं नाव पुकारलंस. सात मोठी माणसं, नोकरी-धंदा करणारी, बायकापोरांसमोर येऊन वाकली. नागेश शेवटचा. तो डेस्कापाशी आला आणि थांबला. त्याने तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी तुझ्या खुर्चीमागे कॉफीच्या लोट्यांचा, त्या छोट्या स्टीलच्या पेल्यांचा, ट्रे घेऊन उभी होते. आणि मी काय केलं? डोळ्यांनी खूण केली. कर सही, वाढवू नकोस. तो वाकला. ट्रेमधली कॉफी हिंदकळून माझ्या मनगटावर सांडली, चटका बसला, पण मी हूं की चूं केलं नाही.

मी तुझ्या अगदी मागे होते, अण्णा. हातभर अंतरावर. माझं काम मला माहीत होतं. चार शब्द तर होते. फुलवाल्या बायकांपुढे ओरडणारी मी त्या दिवशी मूग गिळून गप्प बसले, कारण तू मोठा भाऊ, तुझे उपकार, आणि भरल्या सभेत तुझा अपमान कसा करायचा. भरल्या सभेत माझ्या लेकाचा केला तो चालला. हा राग तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे. पण तो वेगळा काढता येत नाही, दोन्ही एकाच भांड्यात शिजतात.

संध्याकाळी तुझ्या घरी येऊन मी तुझीच गोष्ट तुला ऐकवली, आठवतं? खिंडीची. रोमन फौज खिंडीत अडकली, पुढची वाट बंद, मागची बंद. शत्रूच्या सेनापतीला कळेना यांचं करायचं काय. त्याने गावाकडून आपल्या म्हाताऱ्या बापाला गाडीत घालून आणलं. बाप म्हणाला, सगळ्यांना मानाने सोडून दे, जन्माचे मित्र होतील. ते पटलं नाही, तर म्हणाला, मग एकालाही जिवंत सोडू नकोस, पुढच्या दोन पिढ्या तरी त्रास नाही. पोराने मधला मार्ग काढला. दोन भाले उभे रोवले, तिसरा त्यांच्यावर आडवा बांधला आणि अख्ख्या फौजेला हत्यारं टाकायला लावून त्या बैलाच्या जुवासारख्या चौकटीखालून वाकून जायला लावलं. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. कारण वाकवलेला माणूस मित्र होत नाही आणि मेलेला नसतो म्हणून विसरतही नाही. रोमन विसरले नाहीत. ही गोष्ट तू वर्गात दरवर्षी सांगायचास, फळ्यावर खिंड काढून. आणि तुझ्या समोर तुझे गोपाळराव मानाने सोडून द्या म्हणत होते!

तू म्हणालास, "ते लढाईचं आहे शालू. हे घरचं आहे."

मी म्हणाले, "मग घरच्यांना वाकवलंस कशाला?"

तू चष्मा पुसत बसलास. मग म्हणालास, स्वल्प कॉफी टाक. मी कॉफी टाकली. मी आयुष्यभर कॉफीच टाकत आले.

त्यानंतर नागेश हॉलची पायरी चढला नाही. काव्याचा रविवारचा वर्ग बंद पडला, पोरांची बाराखडी क च्या आसपास थांबली. नागेश माझ्याकडे यायचा, तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही आणि एक शब्द चांगलाही बोलायचा नाही. तू विचारायचास, "कसा आहे तो?" तो विचारायचा, "गोळ्या वेळेवर घेतात ना?" मी दोघांच्या मधे निरोप्यासारखी फिरत होते. मी तुला किती वेळा म्हणाले, फोन कर. तू मोठा आहेस, तू कर. तर तू मला दुसऱ्याच सेनापतीची गोष्ट सांगितलीस, तो लढाई टाळत टाळत शत्रूच्या मागे डोंगरातून फिरत राहिला, लोक हसले तरी घाई केली नाही, आणि त्यानेच रोमला सावरलं. "घाई नको. तो दमेल. आपणहून येईल." तीन वर्षं तू माझ्या पोराला दमवत बसलास!

तू गेलास त्याच्या आधीच्या रविवारी फोनवर मी शेवटचं विचारलं. "अण्णा, दिवाळीला तरी बोलाव त्याला."

"बघू. स्वल्प थांब. असं असतं शालू, शत्रूला वेळ दिला की—"

"तो शत्रू आहे का रे?"

  तू म्हणालास, शेंगदाण्याची चटणी संपलीय, येताना आण. मी रागाने म्हणाले, आणणार नाही. तेच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. चटणी करून ठेवली होती, अण्णा. डबा अजून माझ्या दुकानात मशीनखाली आहे.

त्या सकाळी नागेश माझ्या मागोमाग पोचला. खोलीत पाच-सहा जणं होती, प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता काय करायचं ते. नागेश कुणाशी बोलला नाही. तुझ्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला, खाली वाकला, बांधलेली नाडी सोडली, दोन्ही बूट काढले, मोजे काढून बुटात घातले आणि बूट भिंतीशी नीट जोडीने ठेवले. मग तुझे पाय मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. या वेळी त्याला कुणी वाकायला सांगितलं नव्हतं. तुला ते बघायला मिळालं नाही याचं मला बरंही वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन तुझा कॉफीचा लोटा कपाळाशी धरून रडले. अग्नी त्यानेच दिला. दिवस त्यानेच केले. फक्त म्हणाला, "आई, मी भाचा म्हणून करतोय. सभासद म्हणून नाही."

काल शोकसभेला तो आला, पण हॉलच्या दारातच उभा राहिला. काव्या आत येऊन अगदी शेवटच्या रांगेत, चपलांजवळ बसली. मी पुढे बोलावलं तर म्हणाली, "नको अत्ते, मी इथेच सरी आहे." तिचं सरी म्हणजे आपलं ठीक. एकापाठोपाठ एक माणसं उठत होती. अण्णांनी सगळ्यांना सांभाळून घेतलं. अण्णांनी कुणाला कधी दुखावलं नाही. हे बोलणाऱ्यांत त्या दिवशी वाकलेला एकजण होता!  मग गोपाळराव म्हणाले, "अक्का, तुम्ही चार शब्द बोला."

चारच बोलायचे होते मला. माइक घेतला नाही. टेबलावर तुझा हार घातलेला फोटो होता, मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. लोकांना वाटलं, म्हातारी वाट चुकली. मी फोटोच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अण्णा, तू माणूस आहेस." हळूच म्हणणार होते. पण मला हळू कधी जमलंय? सगळ्या हॉलने ऐकलं.

मग मी कपाटातून वही काढली, ते पान उघडलं, डेस्कावर ठेवलं आणि सातही नावं मोठ्याने वाचली. सांगितलं, "यांनी काही गुन्हा केला नव्हता. अण्णा चुकला. आपण साठ जण बसून बघत होतो, आपणही चुकलो. मी सगळ्यात जास्त, मी त्याच्या मागे उभी होते." कुणीतरी म्हणालं, आज तरी हे नको अक्का, आजचा दिवस कसला आहे. मी म्हणाले, आजचाच आहे. आणि त्या सातांची लेखी माफी मागायला पुढच्या कोऱ्या पानावर वाकले. एकसष्ट वर्षांची कंबर आहे, वाकताना मला कळलं तू त्यांना काय करायला लावलं होतंस ते.

तेवढ्यात दारातून नागेश आत आला. तीन वर्षांनी. सगळे बघत होते. मला वाटलं तो मला उठवणार, वही मिटवणार. त्याने कोपऱ्यातली सतरंजी ओढून माझ्या पायाशी पसरली आणि म्हणाला, "बसून लिही." मी बसले. पेन टेकवणार तर त्याने माझा हात धरला.

"पहिली ओळ सोड आई. ती मामांची."

अण्णा, बघतोयस का? तो दमला नव्हता रे. तीन वर्षं तो तुझीच वाट बघत होता, त्याच ओळीवर.

मी दुसऱ्या ओळीवर सही केली. गोपाळराव गुडघे धरत आले, कण्हत सतरंजीवर बसले, त्यांनी तिसरीवर केली. मग आणखी नऊ-दहा जण. बरेचजण पायात चपला घालून निघून गेले, जाऊ देत. काव्याने चपलांजवळून उठून कॉफीचा ट्रे आणला, तर गोपाळराव म्हणाले, "तू ठेव तो, तू बस. पुढच्या सभेत नियम बदलेपर्यंत कॉफी मी देतो." नियम बदलेल की नाही कोण जाणे. वादावादी होणार आहे, मी पदर खोचून तयार आहे.

पण ती पहिली ओळ तशीच आहे. तुझं नाव, बाबांचं नाव आणि ते आपलं लांबलचक आडनाव, तू नेहमी पूर्ण सही करायचास, म्हणून मी जरा जास्तच जागा सोडली आहे. एका फोनचं काम होतं, अण्णा. चटणी मागितलीस त्याच फोनवरून झालं असतं. आता भर ती ओळ, कशी भरतोस बघते.